वीणा एकाच्या गळ्यात, चाव्या दुसऱ्याच्या हाती

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावाच्या विठ्ठल मंदिर ट्रस्टच्या सचिव लिहितात. त्या शिक्षिका आहेत आणि नऊ विश्वस्तांपैकी एक आहेत. बावीस वर्षं अध्यक्ष असलेले गृहस्थ पन्नास दिवसांपूर्वी वारले. ते सचिवबाईंचे चुलत सासरे. गावच्या दिंडीचे प्रमुख आणि विणेकरीही, म्हणजे वीणा घेऊन भजन पुढे नेणारेही, तेच होते. त्यांचा थोरला मुलगा पुण्यात व्यवसाय करतो. तेराव्याला भावकीने त्याला फेटा बांधला, तेव्हा मंडपातच कोणी तरी "आता देवळाचंही तुम्हीच बघा" म्हणालं, आणि ते तो धरून बसला आहे. तरुण मंडळाला वारीच्या आत मतदान हवं आहे. म्हातारी माणसं म्हणतात, मतदानाने गाव फुटेल, एकमत करा, नाही तर देवापुढे चिठ्ठ्या टाका. त्यात गुरवांनी 'पुढे पूजा माझ्या मुलाकडेच राहील' असं लेखी मागितलं आहे. आणखी तीन विश्वस्त गेल्या काही वर्षांत वारले, त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. उरलेल्या पाचांपैकी एक मुंबईला असतात. पालखीचं प्रस्थान तीन आठवड्यांवर आलं आहे. सचिवबाई विचारतात: मतदान घ्यावं की मुलाला एकमताने अध्यक्ष करून मोकळं व्हावं? आणि भावकीतली सून असून हे मी बोलावं का?

ताई,

तुमच्या पत्रात 'त्यांची जागा' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. अडचण तिथेच आहे, कारण ती एक जागा नाही. तुमचे चुलत सासरे तीन खुर्च्यांवर बसत होते: ट्रस्टचे अध्यक्ष, दिंडीचे प्रमुख आणि विणेकरी. बावीस वर्षं एकच माणूस तिन्ही कामं पाहत असल्यामुळे गावाला ते एकच पद वाटू लागलं. ट्रस्टचा कारभार कायद्याने आणि ट्रस्टच्या घटनेने, म्हणजे त्याच्या नियमावलीने चालतो. दिंडी परंपरेने आणि विश्वासाने चालते. वीणा ज्याला चाल धरता येते त्याच्या गळ्यात शोभते. या तिन्हींना एकच मोजपट्टी लावली की भांडण ठरलेलं.

वारकऱ्यांना हे नवीन नाही. माउलींच्या सोहळ्याकडेच पाहा. आळंदी संस्थानचे विश्वस्त पुण्याचे जिल्हा न्यायाधीश नेमतात, सोहळ्याचं मालकपण तो सुरू करणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांच्या घराण्यात आहे आणि प्रत्येक दिंडीचा प्रमुख तिच्या तिच्या फडाच्या रीतीने ठरतो. देहूला संस्थानचे विश्वस्त तुकोबांच्या वंशजांतून निवडले जातात. एकाच रस्त्याने चालणाऱ्या लोकांत निवडीच्या इतक्या रीती सुखाने नांदतात, कारण कोणाचा अधिकार कुठवर हे ज्याला त्याला माहीत असतं.

आता अध्यक्षपदाचं बोलू. मुलगा की मतदान, असे दोनच रस्ते तुम्ही धरले आहेत. माझ्या अंदाजाने आजच्या घडीला दोन्ही बंद आहेत. बहुतेक देवस्थानांच्या घटनेत अध्यक्ष हा विश्वस्तांनी आपल्यातूनच निवडायचा असतो. तुमच्या दिरांना गावाने कितीही फेटे बांधले तरी ते आज विश्वस्तच नाहीत, मग अध्यक्ष कसे होतील? आधी रिकाम्या जागेवर विश्वस्त म्हणून नेमणूक, मग अध्यक्षपद. आणि मुदत संपण्याआधी मृत्यूने रिकामी झालेली जागा भरायचा अधिकार पुष्कळदा उरलेल्या विश्वस्तांनाच असतो, उरलेल्या मुदतीपुरता. घटनेत तसं असेल तर गावभर मतदान घेऊनही त्या निकालाला कागदावर किंमत राहणार नाही. तरुण मंडळाला हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे घटना हातात घेणं. तुम्ही ती एकदाच पाहिल्याचं लिहिता. दप्तरात नसेल तर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक देऊन धर्मादाय कार्यालयातून तिची प्रमाणित नक्कल मागवा, आणि सोबत परिशिष्ट एकचा उतारा घ्या. या उताऱ्यात सरकारदरबारी आज विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत ते दिसतं. वारलेल्या तिघांची नावं अजून तिथे असतील तर दचकू नका, गावोगावी तीच स्थिती आहे. नोंदणी क्रमांकही नीट पाहा. हिंदू देवस्थानांचे क्रमांक 'ए'ने सुरू होतात. त्याशिवाय 'एफ'ने सुरू होणारा क्रमांक असेल तर ट्रस्ट संस्था नोंदणी कायदा, १८६० खालीही नोंदलेला आहे, आणि मग सर्वसाधारण सभा व सभासदांचे नियम जास्त काटेकोरपणे बघावे लागतील.

घटना वाचताना पेन्सिल घेऊन पाच गोष्टींखाली रेघ मारा: विश्वस्त किती, त्यांना कोण निवडतं, मुदत किती, सभेची नोटीस किती दिवसांची, गणपूर्ती किती, म्हणजे सभेला कमीत कमी किती जण हजर हवेत. तुमच्या बाबतीत शेवटची सगळ्यात नाजूक आहे. नऊपैकी पाच अशी गणपूर्ती असेल, तर उरलेले पाचही जण हजर असल्याशिवाय सभाच होत नाही, आणि सगळा कारभार मुंबईच्या विश्वस्तांच्या एका तिकिटावर येऊन ठेपतो. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही असं काही घटनांत असतं, तुमच्या घटनेत आहे का ते पाहा. मुदतीच्या जागी 'तहहयात' लिहिलेलं असेल तर वकिलाला विचारून घ्या, कारण २०२५ च्या दुरुस्तीने तहहयात विश्वस्तांच्या संख्येवर मर्यादा आली आहे.

आता दिवसांचा हिशेब. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांत झालेला कोणताही बदल ९० दिवसांत कळवावा लागतो. त्यासाठी परिशिष्ट तीनच्या नमुन्यात बदल अर्ज करायचा, वकील ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो. मृत्यू हाही बदलच आहे. तुमचे पन्नास दिवस गेले. प्रस्थानाला तीन आठवडे, पुढे पंढरपूरला पोचेपर्यंत अठरा-एकोणीस दिवस. म्हणजे मुदत नेमकी आषाढीच्या आसपास संपते, जेव्हा तुमचे निम्मे विश्वस्त वाखरीच्या तळावर असतील. नव्या नेमणुकीचे ९० दिवस ठरावाच्या तारखेपासून वेगळे मोजले जातात, त्यामुळे तिची घाई नाही. मृत्यूचा बदल मात्र वारीला निघण्याआधी दाखल करा. आधीच्या तिघांचे बदल अर्ज कधी झालेच नसतील तर तेही ज्याचे त्याचे स्वतंत्र, विलंब माफीच्या अर्जासह द्या. मागची साखळी तुटलेली असली की पुढचा अर्ज अडकून पडतो, आणि मग चार वर्षांनी कोणी तरी उठून 'ही कमिटीच बेकायदा' म्हणतं.

हे अर्ज कशामुळे फेटाळले जातात, तेही ऐका. कायद्याच्या बारीक मुद्द्यांवर फारसं कोणाचं अडत नाही. अडतं ते नोटिशीवर. 'मंदिराच्या कामासंबंधी सभा आहे, सर्वांनी यावे' असा व्हॉट्सअॅप मेसेज जातो, चार जण जमतात आणि इतिवृत्त महिनाभराने एका बैठकीत लिहिलं जातं. नोटीस कागदावर काढा, जावक क्रमांक घाला आणि विषय मोघम ठेवू नका:

'विषय १. कै. अध्यक्षांच्या निधनाबद्दल शोक ठराव. विषय २. विश्वस्तांच्या रिक्त चार जागांची नोंद घेणे. विषय ३. घटनेच्या कलम अमुकप्रमाणे रिक्त जागा भरणे. विषय ४. अध्यक्षांची निवड. विषय ५. बँक खात्यावरील सह्यांचा अधिकार.'

गावातल्या तिघांना नोटीस हातात द्या आणि पोच म्हणून सही घ्या. मुंबईला स्पीड पोस्टाने पाठवा, पावती फाइलला लावा. एक प्रत देवळाच्या फळ्यावर, एक ग्रामपंचायतीत. व्हॉट्सअॅपवर टाकायला हरकत नाही, पण पुरावा म्हणून त्यावर विसंबू नका. नोटीस पंधरा दिवसांची असेल तर ती याच आठवड्यात निघायला हवी. इतिवृत्त सभा संपल्यावर तिथेच लिहून सह्या घ्या. मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, ओळख व पत्त्याचा पुरावा, फोटो, हे त्याच रात्री एका पिशवीत जमलं तर वकिलाकडे एकच खेप होईल. घटनेत नऊ जागा असताना उत्साहाच्या भरात अकरा नावांचा ठराव करू नका. हेही सर्रास होतं. सगळ्यांना खूश ठेवायचं असतं ना.

पाच जण जमतच नसतील, किंवा घटना इतकी जुनी असेल की तिच्यावर चालणं अशक्य आहे, तर कलम ४७ खाली विश्वस्त नेमण्यासाठी आणि कलम ५० ए खाली कारभाराची नवी योजना, म्हणजे नवी नियमावली करण्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागता येते. ५० ए साठी देवस्थानाशी संबंध असलेल्या दोन व्यक्तीही अर्ज करू शकतात. पण हा शेवटचा रस्ता समजा. नेमणूक गावाबाहेरून झाली की गावाला कसं लागतं, ते २०२३ साली जेजुरीत दिसलं. नव्या विश्वस्तांत बहुतेक बाहेरचे आले म्हणून ग्रामस्थ आंदोलनाला बसले, आणि शेवटी विश्वस्तांची संख्या वाढवून स्थानिकांना जागा द्यावी लागली.

आता एकमताविषयी. म्हाताऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. ग्रामपंचायतीची दोन पॅनेलं देवळात शिरली की काकड्यालाही दोन गट दोन बाजूंना बसतात. पण 'एकमत' झालं म्हणतात तेव्हा मत कोणाकोणाचं विचारलं होतं, हे बघायला हवं. तुमच्या गावात सप्ताहाची पंगत कोण वाढतं? महिला भजनी मंडळातल्या किती जणींचं नाव सभासद नोंदवहीत आहे? खालच्या आळीतल्या, वस्तीवरच्या माणसांना सभेचा निरोप जातो का? मला वाटतं, रिकाम्या चार जागा हा तुमच्या हातातला खरा पत्ता आहे. एक जागा दिरांच्या घराला, एक तरुण मंडळाला, एक भजनी मंडळातल्या बाईला, एक आजवर प्रतिनिधी नसलेल्या वस्तीला अशी वाटणी करून बघा. अध्यक्षपद मात्र या मुदतीपुरतं उरलेल्या जुन्या विश्वस्तांपैकी कोणाकडे तरी ठेवा. दिरांनी हवं तर पुढच्या वेळी उभं राहावं. पुण्यात राहून दर एकादशीला गावी येणं त्यांना जमतं का, हे तोवर त्यांनाही कळेल आणि गावालाही.

चिठ्ठ्या टाकायला माझी ना नाही, पण त्या कधी टाकायच्या याला महत्त्व आहे. दोघेही पात्र, दोघांनाही सारखी मतं, मग देवापुढे चिठ्ठी. कोणाचीही नावं टाकून लहान मुलाकडून एक उचलायची, ही जबाबदारी टाळण्याची युक्ती झाली. घटनेत निवडीची पद्धत दिलेली असताना नुसत्या चिठ्ठीवर केलेला ठराव टिकणारही नाही. चिठ्ठीने जे निघालं ते सभेत सूचक-अनुमोदकासह ठराव करूनच नोंदवा.

तरुण मंडळाला मतदानाची तारीख आज देऊ नका, सभासद यादीची द्या. खरी निवडणूक मुदत संपल्यावर होईल. तोपर्यंत यादी नीट करायची: सभासद कोण होऊ शकतं, वर्गणी किती, कोणत्या तारखेपर्यंत नाव नोंदलेल्याला मत. ३१ मार्च ही कापतारीख सोयीची, कारण हिशेबाचं वर्षही तेव्हाच संपतं. कच्ची यादी देवळात लावून आठ दिवस हरकती घ्या. निवडणूक अधिकारी शेजारच्या गावचे निवृत्त मास्तर किंवा वकील असावेत, आपल्या गावचे नकोत. मतदानाच्या आदल्या रात्री एकाने दीडशे जणांची वर्गणी भरून पावत्या फाडल्या, असं होऊ द्यायचं नसेल तर हे एवढं पुरतं.

दिंडीचं निराळं. दिंडीप्रमुखाने ट्रक, तंबू, टँकर, शिधा बघायचा, मुक्कामाच्या जागा धरायच्या, कोणी आजारी पडलं तर त्याला दवाखान्यात न्यायचं. इथे दिरांचा उपयोग होऊ शकतो, वडिलांबरोबर त्यांनी किती वाऱ्या केल्या आहेत यावर ते ठरवा. दिंडी माउलींच्या सोहळ्यात रथापुढे किंवा रथामागे क्रमांकाने चालत असेल, तर प्रमुख बदलल्याचं पत्र प्रस्थानाआधी आळंदीला पोचलं पाहिजे. नाही तर तिथे दोघं जण 'मीच प्रमुख' म्हणून उभे राहतात. रात्री मुक्कामावरच्या समाज आरतीला सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी चोप (दंड) उंचावला की सगळे टाळ थांबतात, आणि ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ वाजवत राहते. त्या वेळी तुमच्या दिंडीतून कोणी बोलायचं, हे गावातच ठरलेलं असावं. दिंडीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक ट्रस्टच्या नावाचं असेल तर तो पैसा ट्रस्टच्या हिशेबात आणि ऑडिटमध्ये आलाच पाहिजे. दिंडीप्रमुखाच्या खासगी खात्यावर तो जाता कामा नये, मग ते कोणीही असोत.

विणेकरी मतदानाने निवडू नका, वारशाने तर नकोच. हरिपाठ तोंडपाठ हवा, भूपाळ्यांपासून शेजारतीपर्यंतचा क्रम माहीत हवा, पखवाजाबरोबर चाल न सोडता चालता यायला हवं, आणि अभंग कुठला घ्यायचा यावर टाळकऱ्यांत कुजबुज झाली तर शांतपणे निर्णय देता यायला हवा. दिवेघाटात दम टिकला पाहिजे, हेही आलंच. असे दोघे-तिघे तुमच्या गावात असणार, कारण सप्ताहात अहोरात्र वीणा खाली न ठेवता पहारे लावणारी माणसं तुमच्याकडे आहेत. पहाऱ्याला वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, घेणारा आणि देणारा एकमेकांच्या पाया पडतात. तीच रीत पुढे चालवा. या वारीला दोघांना आलटूनपालटून वीणा द्या, निवड जुन्या टाळकऱ्यांनी करावी, आणि परतवारीनंतर किंवा कार्तिकीला कायमचं ठरवा. त्यात बाई असली तर अडवू नका.

गुरवांना तूर्त काहीही लिहून देऊ नका. अपुऱ्या संख्येच्या मंडळाने पुढच्या पिढीचा शब्द देणं बरं नाही. त्यांचा हक्क जुना असेल तर सनद, वहिवाटीचे कागद, आधीचे ठराव ते दाखवू शकतील. शांतपणे मागा, अपमान होईल असं मागू नका, कारण रोज पहाटे देवाला पाणी घालणारा माणूस तोच आहे. तत्त्व सांगायचं तर सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच पुजाऱ्याची नेमणूक ही धर्मेतर, कारभाराची बाब मानली आणि वंशपरंपरेचा हक्क रद्द करणारा तमिळनाडूचा कायदा उचलून धरला. २०१४ साली पंढरपुरात बडवे-उत्पात या पिढीजात पुजाऱ्यांचे हक्क संपल्यावर मंदिर समितीने सर्व जातींतून, स्त्रियांतूनही पुजारी घेण्यासाठी मुलाखती घेतल्या. पण ही दोन्ही उदाहरणं खास कायद्यांखालची आहेत, ती गुरवांच्या तोंडावर फेकायची नव्हेत. त्यांच्याशी मानधन, काकड्याची वेळ, ताटातल्या दक्षिणेचा वाटा आणि सुट्टीत बदली कोण, एवढं वर्षभराच्या करारात लिहून घ्या. देवस्थानची जमीन असेल तर सातबाराही काढून बघा. मालक म्हणून देवाचंच नाव हवं. पुजारी हा जमिनीचा मालक नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली पुन्हा स्पष्ट केलं आहे.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, सुनेने बोलावं का. बोला, पण सचिव म्हणून बोला. सभेच्या सुरुवातीलाच 'कै. अध्यक्ष माझे चुलत सासरे होते, त्यांच्या घरातलं नाव चर्चेला आलं तर त्या विषयावर मी मत देणार नाही' असं इतिवृत्तात लिहा. फक्त त्या विषयाला गणपूर्तीत तुम्ही धरल्या जाता का, हे आधी वकिलाला विचारून ठेवा. सभेचं अध्यक्षस्थान सगळ्यात ज्येष्ठ विश्वस्तांना द्या. दिरांकडे मात्र सभेआधी जा, आणि एकट्या जाऊ नका, सासूबाईंना किंवा त्यांच्याच वयाच्या एखाद्या विश्वस्तांना सोबत घ्या. "भाऊजी, भावकीने फेटा बांधला तो घरचा कारभार तुमच्याकडे आला म्हणून. देवळाचं घटनेप्रमाणे करावं लागेल. तुमचं नाव विश्वस्त म्हणून मी वगळू देणार नाही, पण आज अध्यक्ष म्हणून मांडलं तर कोणी तरी हरकत घेईल आणि मामंजींचं नाव कज्ज्यात ओढलं जाईल." एवढंच बोला आणि चहा घेऊन निघा. तिथे कायद्याची कलमं काढू नका.

त्याच भेटीत एक गोष्ट विचारा, कारण ती सगळ्यात जास्त राहून जाते. बावीस वर्षांच्या अध्यक्षांच्या कपाटात देवस्थानचं बरंच काही असणार: दानपेटीची किल्ली, ठेवींच्या पावत्या, चेकबुक, देवाचे दागिने, जुनी इतिवृत्तं. ते पाच माणसांसमोर यादी करून, दागिन्यांचं सोनाराकडून वजन करून, फोटो काढून, पंचनाम्यावर सह्या घेऊन ताब्यात घ्या आणि दिरांना त्याची सही केलेली प्रत द्या. हा त्यांच्या घरावरचा अविश्वास नव्हे. उद्या एखादी नथ कमी भरली तर हा कागदच त्यांना वाचवील, आणि तसं त्यांना सांगितलं तर ते स्वतःच कपाट उघडतील. बँकेला अध्यक्षांच्या मृत्यूचं पत्र लगेच द्या, नव्या सह्यांसाठी बँक ठराव आणि बदल अर्जाची पोच मागेल. ३१ मार्चच्या हिशेबाचं ऑडिट सप्टेंबरअखेर व्हायला हवं, त्यासाठीही ती इतिवृत्तं लागतीलच.

मुंबईच्या विश्वस्तांना मात्र आज रात्रीच फोन करा. नोटीस मागाहून जाईल, तिकीट आधी काढायला सांगा.